गव्हाएवढं पुढं

रंकाळ्याचा नंदी म्हणे
गव्हाएवढा पुढं सरकतो
आणि तांदळाएवढा मागं.
फरक किती, ते मी सांगू शकतो.
एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली,
एका थाऊचा उंचवटा बोटाला कळतो माझ्या.

सोमवारी आणि गुरुवारी
सीपीआरमधलं मशीन चार तास माझं रक्त धुतं.
बाकीच्या दिवशी संध्याकाळी इथं, नंदीजवळ.
समोर एवढं पाणी
आणि मला दिवसाला तीन पेले.

डॉक्टरनं विचारलं, रक्ताचं कोण आहे?
रक्ताची एकच. कौसाक्का.
दिली वडणग्यात.
अकरा वर्षं बोलणं नाही.

तिच्याकडं एकदा मागितलं होतं.
तेव्हा मध्ये नंदी-बिंदी कोणी नव्हता.
सरळ गेलो होतो:
पेढ्यांचा पुडा, स्टॅम्पपेपर, वकिलाचा कारकून.
हक्कसोड. सांगरूळची दीड एकर, विहिरीसकट.
तिनं पिठाचे हात पदराला पुसले.
"कुठं करू सही?"
मी बोट ठेवून दाखवलं.
पेढे तिनं कुणाला वाटले, विचारलं नाही.

पहिल्या दिवशी नंदीला म्हणालो,
तिला सुबुद्धी दे.
गंगावेशीपर्यंत चालत आलो
आणि लाज वाटली. सुबुद्धी, तिला?
पुढच्या आठवड्यात:
तिला पाझर फुटू दे.
तेही गळून पडलं,
टूलखालून लोखंडाचा कीस पडतो तसं,
निळं, वळलेलं, गरम.
मग म्हणालो, माझ्या दोन पोरांकडं बघ.
हे वाक्य बरेच दिवस टिकलं.
पण पोरांना पुढं करायचं
म्हणजे परत पेढ्यांचा पुडाच की.

देव ऐकत असेल, नसेल.
मला मात्र माझं ऐकू यायला लागलं,
आणि ते काही फार चांगलं नव्हतं.

सातबारा परत घेऊन जावं, असंही आलं मनात.
मग वाटलं, जमीन ठेवून किडनी उचलायची,
हा बाजार झाला.
जमीन द्यायची. पण वेगळी द्यायची,
तिनं काहीही म्हटलं तरी द्यायची.
(की हेही मी सोयीनंच बोलतोय?
नंदी रवंथसुद्धा करत नाही.)

परवा म्हशी पाण्यातून वर येत होत्या,
भेळवाला गाड्यावर ताडपत्री ओढत होता,
आणि तोंडात एवढंच उरलं:
ती नाही म्हणाली
तर तिच्या हातचा चहा पिऊन
मला नीट उठता येऊ दे.
अर्धा कप. तीन पेल्यांत धरून.

यावरनं अजून एक कट घेऊन बघितला.
काही निघेना.

आज केएमटीनं वडणग्याला उतरलो.
फाइल घरीच ठेवली होती.
हात रिकामे असले की
एवढे लोंबतात, माहीत नव्हतं.
वेशीपासून तिच्या दारापर्यंत
चारदा थांबलो, एकदा मागं फिरलो,
तांदळाएवढा.

ती दारातच होती, लसूण सोलत.
केस सगळे पांढरे.
नाक आमच्या आईचं.
माझं वाक्य तयार होतं, घासून, पुसून,
पण तीच बोलली आधी.
"पायताण काढ. आत ये.
किती वाळलास रं."

आणि आत जाऊन तांब्या आणला,
काठोकाठ भरलेला,
उन्हातनं आलेल्या माणसाला देतात तसा.

मी तांब्याकडं बघत राहिलो.
"अक्का," म्हणालो, "अर्धाच पेला दे."

तिनं लसणाचे हात पदराला पुसले.
माझ्या तोंडाकडं बघितलं.
मग सुजलेल्या पायांकडं.

"अर्धा?" म्हणाली. "का रं?"