कारणाचा रकाना

मी चौथीत होते, आणि मोहदरीत
एकाही बाईला लिहिता येत नव्हतं,
म्हणून पंचफुलाबाई मेश्रामनं मला चिटणीस नेमलं.
पगार, दर बैठकीला गुळाचा खडा.

बैठक बुधवारी, वेचणी उरकल्यावर,
पाळणाघराच्या खोलीत.
ती आधी सोसायटीचं खतगोदाम होती;
तीनदा चुना दिला तरी युरियाचा वास गेला नव्हता.
बायका यायच्या बोंडांनी चिरलेली बोटं घेऊन,
लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा,
झोळीतलं आपापलं पोर ओळखून मांडीवर घ्यायच्या
आणि पदराची गाठ दातानं सोडायच्या.
दहा रुपये. दहा रुपये.
लच्छी टेकाम पोडावरून चालत यायची, तिचे पाच.

पेटीला कुलपं तीन, किल्ल्या तीन घरी.
"एकीचं मन फिरलं तं दोघी हायेत ना."
"अन् तिघींचंही फिरलं तं?"
"मंग पेटी गेली म्हणून समज, पोरी.
पण या गावात तीन बाया एका मताच्या झालेल्या
पाहाले तं भेटतीन."

मी रेघा आखायची. नाव, रक्कम, कारण, अंगठा.
शेळी. चष्मा. जुनं शिवणयंत्र.
लेकीची सायकल, शाळा सात किलोमीटर.
पुन्हा शेळी (पहिली मेली).
माझ्या आईचं: छपराला पत्रा.

गिरजा उइकेला पाहिजे होते आठशे.
कारण?
ती शाईच्या पॅडकडे बघत राहिली.
"लिहू नोको."
मी म्हणाले, रकाना आहे, भरावा लागतो,
रिकामी जागा सोडली की गुरुजी गुण कापतात.
कुणीतरी उगाच खाकरलं. एक पोर रडायचं थांबलं.
पंचफुलाबाईनं माझ्या हातातलं पेन घेतलं,
उलटं धरलं,
मागचं टोक रकान्यावर जोरात दाबलं
आणि परत दिलं.
"झालं. लिवलं."

तीन किल्ल्या फिरल्या.
गिरजा पहाटेच्या घाटंजी गाडीनं गेली,
धाकट्याला कडेवर घेऊन.
नवव्या दिवशी परत आली.
मधल्या काळात तिची सासू घरोघर फिरली,
तेव्हा अकरा बायकांनी
तिला अकरा गावं सांगितली.
पैसे वीस-वीस करून फिटले, चाळीस बुधवार,
एकही खाडा नाही.
कशाला हवे होते ते मला अजून माहीत नाही.

तिसऱ्या वर्षी पोरांसाठी पाट्या आल्या.
दिवसा पोरं गिरवायची, कंदील लागला की त्यांच्या आया,
त्याच पाट्यांवर, पोरांची अर्धी पुसलेली बदकं तशीच ठेवून.
एका बुधवारी लच्छीनं पॅड बाजूला सारलं,
जीभ दातात धरली, आणि लिहिलं: लछी.
मी लगेच खोडरबर काढला.
"राहू दे," पंचफुलाबाई म्हणाली.
"नाव तिचं हाय. कसं ल्यायचं थे ती पाहीन."

होळीपर्यंत अंगठे संपले. माझा गूळही.
मी चुलीपाशी बसून रडले तर आई हसायला लागली,
"नोकरी गेली वं पोरीची!"
आणि हसता हसता तिनं राखेत बोटानं
स्वतःचं आडनाव काढून दाखवलं,
माहेरचं.

आता संस्था सतरा गावांत आहे.
पंचफुलाबाईला ऐकू कमी येतं,
ती कारभार डोळ्यांनी बघते.
जुने कागद लावायला मला बोलावलं होतं.
चार रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली,
पहिलं उरलंय, का कोण जाणे.

तपासनीस चांगला माणूस होता, चहा फुंकून प्यायचा.
पान उलटता उलटता थांबला.
"ताई, आठशे रुपये दिलेत,
आणि इथं कारणच नाही."

आहे, मी म्हणाले.
बोट फिरवून बघा.