तीनशे अठरा नंबर

पोझनानच्या थिएटरात, तळघराच्या पायऱ्यांपाशी,
मी कोट सांभाळते. एकोणीस वर्षं झाली.
कोट घेते, पितळी बिल्ला देते.
खेळ सुटला की बिल्ला घेते, कोट देते.
मधले दोन तास कोट आणि मी.

माणसं वर निघून जातात, त्यांचे वास खाली राहतात.
डांबरगोळ्या, सिगारेट, भिजलेला कुत्रा,
तळलेल्या कांद्याची एक बाई, दर मंगळवारी,
आणि सत्तेचाळीसच्या खुंटीवर
तो राखी कोट, ज्याच्या कॉलरमध्ये
कुणीतरी आत्ताच पेन्सिलीला टोक केलंय
आणि त्याच सुरीने नासपती कापलीय.

मी तिथे नाक खुपसलं.
एकदाच.
खरं सांगायचं तर दर वेळी.

अत्तराचं नाव तिलाच विचारलं, कोट देताना,
सहज विचारल्यासारखं. तिनेही सहज सांगितलं.
काचेच्या दुकानातल्या मुलीने किंमत सांगितली,
तीही सहजच.
माझा महिन्याचा किराणा आणि वीजबिल
मिळूनही तेवढं होत नाही.

म्हणून येझित्सेच्या बाजारामागे, ओतिलियाबाईंकडे.
त्यांच्याकडे नावं नसतात, नंबर असतात.
ॲल्युमिनियमच्या बरण्या, इंजेक्शनची सिरिंज,
आणि एक वही : कुठला नंबर कुणासारखा.
"सारखा," त्या म्हणाल्या. "तोच पाहिजे असेल
तर समोरून नऊ नंबरची ट्राम जाते."
तीस मिली, चोवीस झ्वोटी.
बाटली आपली आणली तर बावीस.
मी खोकल्याच्या औषधाची धुऊन नेली होती.

पहिली पाच मिनिटं नुसतं स्पिरिट,
नाकाला मिरच्या.
मग पेन्सिल आली. जरा ओली, पण पेन्सिलच.
मग नासपती, अंमळ जास्तच पिकलेली,
चॉकलेटच्या चांदीला लागून राहते तशी.
घड्याळ बघावं तसं मी दर थांब्याला
मनगट नाकाशी नेत होते.
बोगुस्वाव म्हणाला, दुधाची तहान ताकावर!
म्हणू दे. भर जुलैत उकडलेले बटाटे,
वर शेपू आणि वाडगाभर गार ताक
समोर आलं की हाच माणूस
दुधाचं नाव काढत नाही.

चौथ्या तासाला मात्र कळलं.
तिच्या कॉलरमध्ये रात्री उशिरापर्यंत
आतली एक खोली उघडी असायची.
माझ्या मनगटावर दार लागलं होतं,
उरला होता साबण.
हॉस्पिटलच्या धोबीखान्यात होते ना मी,
तिथल्या चादरींचा. वाईट नाही. ओळखीचा.

फेब्रुवारीत एका रात्री तिने कोट हातात घेतला,
बाही हुंगली, माझ्याकडे वाकली, आणि
हळू आवाजात :
"तुम्ही माझा कोट घातला होता?"
तिच्यामागे चाळीस माणसं बिल्ले वाजवत उभी.
एकोणीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.
घशात शब्द येईना,
म्हणून मी खिशातली बाटली काउंटरवर ठेवली.
चिठ्ठी तशीच होती अजून :
दिवसातून तीनदा, दोन चमचे.

तिने बूच काढलं. डोळे मिटले.
मागचा एकजण खाकरला.
"नासपती जास्त झालीय," ती म्हणाली.
"हो."
"आणि नंतर?"
"साबण."
तिने बूच लावलं, घट्ट, दोनदा फिरवून.
माफी मागितली नाही.
दोन झ्वोटी ठेवले, नेहमीसारखे,
आणि दाराशी पोचल्यावर, हातमोजा चढवायच्या आधी,
मनगट नाकाशी नेलं.
तिचं की माझं, काय हुंगत होती कोण जाणे.

सगळे गेल्यावर मी माझा कोट
सत्तेचाळीसवर लावून पाहिला.
बरा दिसला. काढला.
तीनशे अठराची खुंटी आमच्याकडे नाही,
दोनशे साठला भिंत संपते.
माझा कोट असतो दारामागच्या खिळ्याला.
दिवे घालवल्यावर पूर्वी चाचपडावं लागायचं.