नाहीतर

दिघ्याच्या शाळेत संगणक अकरा,
चालू चार, त्यातल्या एकाला माउस नाही.
मंगळवारी दुपारी वीज जाते, हे वेळापत्रकात नसलं
तरी आम्हा सगळ्यांना पाठ आहे.
खिडकीतून रस्त्यापलीकडचं डेटा सेंटर दिसतं.
ते कधी मालवत नाही.
मेघराजचे वडील तिथे गेटवर असतात.
त्याने विचारलं, ‘बाई, आत काय असतं?’
‘सगळ्यांचं सगळं,’ म्हटलं, आणि फळ्याकडे वळले,
कारण पुढचं मलाही सांगता आलं नसतं.

तर वीज नव्हती, आणि सहावी ब होती, बावन्न जण.
म्हटलं, आज मी यंत्र.
सांगाल तेवढंच करणार, मनाचं काही नाही.
मला दारापासून फळ्यापर्यंत न्या.
‘चला,’ तौफिक म्हणाला. चालू लागले.
टेबलाला धडकले, तरी जागच्या जागी
पाय हलवत राहिले. वर्ग हसून लोळला.
‘अहो, अहो!’
यंत्राला ‘अहो’ कळत नाही.
‘डावीकडे!’ किती?
‘थोडंसं!’ थोडंसं म्हणजे किती?
शेवटी ओवी मढवी खाली वाकली, फरशा मोजल्या:
सहा पुढे, डावीकडे वळा, चार पुढे, खडू उचला.
उचलला.
लिहा असं कुणीच म्हटलं नाही,
म्हणून घंटा होईपर्यंत खडू धरून उभी.

दुसऱ्या तासाला जर आणि तर.
आमच्या घरी म्हणायचे, जर-तरच्या गोष्टींनी पोट भरत नाही.
माझं त्यावरच भरतं, तासाला दीडशे रुपये,
तेही बिल पास झालं तर.

पाठकोरे कागद वाटले.
‘जर पाणी आलं तर हंडा लाव,
नाहीतर टँकरच्या रांगेत डबा ठेवून ये.’
‘जर कंपनीचा भोंगा वाजला तर ऊठ, नाहीतर झोप.’
‘जर बाई रागावल्या तर खाली बघ,
नाहीतर पण खाली बघ.’
दोन्हीकडे एकच, मग अट कशाला रे?
‘सवय,’ म्हणाला.

ऋणालीचा कागद सगळ्यात शेवटी आला.
‘जर बाबांच्या चपला दाराबाहेर सरळ असतील
तर आत जा.
नाहीतर’

पुढे कोरं.

‘अपूर्ण’ लिहायला लाल पेन उघडलं,
टोपण परत लावलं.
तिला म्हटलं, यंत्राला चालतं असं.
नाहीतर रिकामं ठेवलं तर ते रागवत नाही,
काहीच न करता पुढच्या ओळीवर जातं.
ती म्हणाली, ‘पुढची ओळ नाहीये ना, बाई.’

शुक्रवारी तोच कागद टेबलावर होता.
कोऱ्या जागेत पेन्सिलीने, बारीक:
‘नसीमचाचींच्या ओट्यावर बस.
एक पाढा म्हण.
मग पहिल्या ओळीवर परत ये.’

पुनरावृत्तीचा धडा पुढच्या महिन्यात आहे.
हिचा झालेला होता,
कधीपासून, कोण जाणे.

अशा जागी मी नेहमी मुलांना अडवते:
किती वेळा? थांबायचं कधी?
ते सांगितलं नाही तर यंत्र फिरतच राहतं.
प्रश्न तोंडाशी आला होता.
तेवढ्यात वीज आली, आधी पंखा, मग चार पडदे,
आणि सगळे खुर्च्यांसाठी धावले.
ऋणालीला माउस नसलेला मिळाला.
बाणाच्या कळा दाबत
ती एकेक घर पुढे सरकत होती.
मी शेजारी उभी राहिले.
विचारलं ते भलतंच. ‘कुठला पाढा गं?’

‘एकोणतीसचा,’ पडद्यावरून नजर न काढता म्हणाली,
‘तो पुष्कळ वेळ पुरतो.’