टोरीची ढेप

बोडीच्या पाळीवर बाबा ढेप फोडतो,
सब्बलीच्या उलट्या टोकानं, हळूहळू,
जशी कुणी गुळाची भेली फोडावी पाहुण्यांसाठी.
टोरीचं तेल डब्यात गेलं, दिव्यात गेलं,
लहानपणी माझ्या केसांत गेलं, वास अजून आहे.
उरला तो हा कडू चोथा.
"रातभर भिजव," म्हणतो,
"सकारी फेस आला का समज, पानी साफ."

साफ म्हणजे मरळ नको, शिंगूर नको, वाघूर नको,
सोसायटीचं बीज सोडायच्या आधी
दुसऱ्या कुणाचं तोंड नको पाण्यात.
कागदावर तसं लिहिलंय,
खाली सही: सभासद एकोणतीस, झिबल नान्हे.
बेडकांचं नाव त्या कागदावर नाही.
मरायच्या यादीत नाही,
वाचायच्याही नाही.

साकोलीच्या कॉलेजात, मागच्या खोलीत,
जिथं पंखा एका बाजूनं घासतो,
मी काचेच्या बारा बश्या मांडते.
पटले मॅडम म्हणाल्या, ढेपेचं पाणी गाळून घे,
थेंब मोजून घाल
आणि दर चार तासांनी बघ.
रात्री दोनलाही?
रात्री दोनलाही.

अंडं म्हणजे काय, साबुदाण्याच्या खिरीत
पडलेला एक काळा तीळ.
त्याचे दोन होतात, दोनाचे चार,
मग मोजायची सोय राहत नाही.
दुसऱ्या दिवशी पाठीवर दोन कडा उठतात,
एकमेकींकडे झुकतात
आणि मधली फट शिवून टाकतात,
ना सुई, ना दोरा.
फाटकं जाळं बाबा असंच सांधतो,
पण त्याला कंदील लागतो, तंबाखू लागतो,
वर दोन शिव्या.

पहिल्या बशीत नुसतं पाणी. तिथं शिवण पुरी.
सातवीत फट उघडीच.
नववीत शेपूट विळ्यासारखं वळलेलं,
एक पिल्लू गोल गोल फिरतंय, स्वतःभोवतीच,
पोटाशी पाण्याचा फुगा
आणि फुग्याच्या आत काळीज चालू.
ठोके मोजले मी. चाळीसपर्यंत.
वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

एक गोष्ट मला उशिरा कळली.
चिकट वेष्टनात असेतो पुष्कळ तगतात,
फेस बाहेर ताटकळत उभा राहतो.
ज्या दिवशी भिंत फोडून ती बाहेर येतात,
कल्ले उघडतात, पहिला घोट घेतात,
त्या दिवशी.
मॅडम म्हणाल्या, आकडा लिही.

घरी आई मोहफुलांचे लाडू वळते वहिनीसाठी.
सातवा लागलाय.
वहिनी विचारते, "ते तुमचं जहर फुलात बी रायते का?"
नाही, मी म्हणते, फुलात नाही. बीत असतं.
"पन झाड तं एकच ना?"
एकच.
तिनं अर्धा लाडू खाल्ला,
अर्धा वाटीखाली झाकून ठेवला.

बाबाला मी बश्यांचं सगळं सांगितलं.
तो ऐकत होता की ढेप वळत होता, कळेना.
"पोरी, तुया बश्यांत आमची बोडी मावल का?"
नाही मावणार.
"मंग?"
मंग काही नाही.
मासोरी नसली तर माझ्या बश्याही नसत्या,
बसचा पास नसता, ही वही नसती.
हे त्यानं म्हटलं नाही.

सकाळी फेस आला, पांढरा, घमेल्याच्या काठापर्यंत.
तो बोडीवर गेला, पण रिकामं घमेलं घेऊन,
आणि खूप वेळ आला नाही.
आला तेव्हा लुंगी मांडीपर्यंत चिखलात,
घमेल्यात लिबलिबीत ढीग, काळे तीळ, हजारो,
वर एक कमळाचं पान झाकलेलं.
दारात ठेवलं, हात धुतले,
भिजलेली ढेप उचलली आणि पुन्हा गेला.

आई म्हणाली, हे काय आता.
कोंबड्या आल्या, माना वाकड्या करून बघू लागल्या.
वहिनी एक हात कमरेवर देत उठली,
झाडू घेतला,
आणि ऊन डोक्यावर येईस्तोवर
तिथंच बसून हाकत राहिली.