कृत्तिका, तीनशे साठ फ्रेम

लग्नाचाच कॅमेरा. पट्ट्यावर हळदीचा डाग अजून.
तिपाईचा एक पाय आखूड,
तो तुरीच्या सरीत खोचला
आणि भिंग धरलं थेट डोक्यावर.
मान आताच दुखतेय.

नऊला गावातली लाइट गेली.
आजच्यापुरतं भलं होवो लोडशेडिंगचं.

दोन सेकंद. थांब. दोन सेकंद. थांब.
याहून जास्त उघडं ठेवलं की तारे ओघळतात.
पृथ्वी फिरते, हे शाळेत नुसतं लिहिलं होतं,
कळलं इथे, लांबट झालेल्या ठिपक्यांवरून.
थोड्या थोड्या वेळानं कृत्तिका चौकटीतून सटकतात,
पुन्हा धरून आणतो.

"काय काढून राह्यला बे?"
जागलीवरचा कवडू आत्राम डबा बडवत आला,
डुकरं हाकलत.
त्याच्या बॅटरीच्या झोतात
अडतिसावी फ्रेम पांढरीफट्ट.
मी बोट वर केलं. "कृत्तिका."
त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

"निंदनाऱ्या बाया म्हन ना.
सहा जनी एका तासाले लागल्या.
सातवी धुऱ्यावर गेली, लेकराले पाजाले.
अन् मांगून लाल डोये करून येते ना,
थो मुकडदम."

भिंगावर दव बसायला लागलं.
त्यानं मफलर सोडून दिला, काही न बोलता.
तो गुंडाळला भिंगाभोवती.
पुढचं सगळं आकाश
बिडीच्या वासात टिपलं.

घरी एकावर एक रचल्या फ्रेमा,
रात्रभर पंखा घरघरला लॅपटॉपचा.
पहाटे ताऱ्यांभोवती
निळसर काहीतरी उमटलं,
पाण्यात नीळ सोडल्यावर
ढवळायच्या आधी दिसते तसं.

तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन शेतात गेलो.
कवडूनं तो आधी लांब धरला, मग जवळ,
मग उजवा डोळा मिटून पाहिलं.
"हे असं धुकट त मले रोजच दिसते,
मोतीबिंदूच्या डोयानं.
तुले येवढे फोटो लागले?"

"सातवी कोनती याच्यात?"

मी मोजायला लागलो.
सात झाल्या, वीस झाल्या,
साठाच्या पुढे बोट घसरलं.
तासात बाया, धुऱ्यावर बाया,
धुऱ्याच्या पल्याडही बायाच बाया.

"बापा," कवडू म्हणाला,
"येवढ्यायची मजुरी कोन देईन?"
आणि डबा घेऊन गेला तुरीत.

बिघडलेल्या फ्रेमा काल पुसल्या.
अडतिसावी ठेवली.