गडगा, रिवण

पावसाळाभर दोन्ही एकच होती,
गडग्यावरची हिरवी साय.
भिंगाखाली तेच जिभेसारखं पान,
तीच मधली शीर.
वहीत दोनदा एकच वर्णन,
पुढे दोनदा प्रश्नचिन्ह.

ओलं असताना सगळीच शेवाळं सारखी,
एर्मेलिंदाबाई म्हणाल्या. डिसेंबरात ये.

आलो. चिरे तापलेले,
काजूखाली पाचोळा वाजणारा.
बाईंनी चष्मा कपाळावर सारला,
नखानं एक झुबका सोडवला.
पळय, हिनं कडा आत घेतल्यात,
पान नव्हे, बारीक सुरळी.
आणि ही शेजारीण, वीतभरही लांब नाही,
देठाभोवती पीळ घालून बसलीय
दांडीवर विसरलेल्या पंच्यासारखी.
शिरेच्या पाठीवरून सुई फिरव.
खरखरते?
खरखरली.

पहिलं प्रश्नचिन्ह खोडलं.
दुसरं खोडण्याआधी, उगाच, खात्रीसाठी
बाटलीतला एक एक थेंब टाकला दोघींवर.
सुरळी उलगडली. पीळ सुटला.
भिंगात पुन्हा
तेच पान, तीच शीर.

बाई काही बोलल्या नाहीत.
पिशवीतून पाव काढला, अर्धा मला दिला,
आणि ऊन कुठवर आलंय ते बघत
गडग्याला टेकून बसल्या.