रफार फुकट

तांबट आळीत दुकान आमचं.
ठोके थोरल्या भावाचे, अक्षरं माझी.
चित्रस्नेही मंडळाची ढाल, उत्कृष्ट दिग्दर्शनाची,
बासष्ट सालापासून आमच्याचकडे.
आधी वडील कोरायचे. अक्षराला चार आणे,
जोडाक्षराला सहा, काना-वेलांटी धरायची नाही,
आणि रफार फुकट.
का फुकट, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
म्हणजे 'दिग्दर्शक' पडायचा सव्वा रुपयाला दोन आणे कमी.
हा हिशेब पुण्यात आता मलाच येतो.

सिनेमे फारसे पाहिले नाहीत मी.
पण विचारा ना,
सलग दोनदा कोण? यशवंत धारप, अडुसष्ट, एकोणसत्तर.
दुसऱ्या वर्षी स्वतः आला नाही, मेहुण्याला पाठवलं.
मेहुण्यानं भाषण केलं पाऊण तास.
सगळ्यात लहान वयाचा? हमीद बागवान.
ढाल सायकलच्या कॅरिअरला बांधून नेली त्यानं,
सुतळी माझी. परत आली नाही.

एका साली दोघांना विभागून.
ढाल एकच. सहा महिने नळस्टॉपला, सहा महिने नाना पेठेत,
असं ठरलं तोंडी.
ती अजून नळस्टॉपलाच आहे
आणि ते दोघे एकमेकांच्या मयतीलाही गेले नाहीत.
एक जण जाऊच शकत नव्हता, ते सोडा.

एकदा 'चिंतामणी'चा णी मी ऱ्हस्व कोरला.
सत्काराला टाळ्या, हार, सगळं यथासांग,
आणि तिसऱ्या दिवसापासून पोस्टकार्डं.
मंडळाला एकोणतीस, मला अकरा.
एकानं तर जुना नियम काढून माझी बाजू घेतली,
त्याला उत्तर म्हणून आणखी सात.
त्या सिनेमाबद्दल एकानंही लिहिलं नव्हतं.

सव्विसाव्या वर्षी पहिली बाई. इंदुमती केंजळे.
दिग्दर्शक की दिग्दर्शिका, यावर मंडळ पंधरा दिवस बसलं.
दोन्हीचे पैसे सारखेच होतात, मी निरोप धाडला.
शेवटी बाई स्वतः आल्या, पायरीवर टेकल्या,
म्हणाल्या, नुसतं नाव घाला.
उरलेल्या जागेत काय घालू?
काही नको, म्हणाल्या. मोकळी बरी दिसेल.
आणि खरंच दिसली.

मग ते त्र्याहत्तर साल.
ढाल ठोकून, उजळून तयार,
आणि निकाल आला : पात्र कोणी नाही.
मंडळानं तांब्याचे पैसे दिले, मजुरीचे नंतर बघू म्हणाले.
ढाल आमच्या स्वयंपाकघरात गेली.
दुधाच्या पातेल्यावर इतकी नेमकी बसली
की भावाला वाटलं, मुद्दामच केली होती.

मागल्या पौषात एक म्हातारे आले. नाव गजानन ओतारी.
मंडळाच्या कोणाकडून पत्ता काढलेला.
त्र्याहत्तरची बघायचीय, म्हणाले.
का, ते मी विचारलं. ते म्हणाले,
अंतिम फेरीत त्या साली एकच सिनेमा होता.

बायकोनं पातेल्यावरून काढून, पदरानं पुसून दिली.
सायीचा वास होता तिला.
त्यांनी ती उजेडाकडे धरली.
ठोक्याठोक्यात एकेक तोंड,
दोन-तीनशे ओतारी एका तांब्यावर.
मी हिशेब केला तोंडी : ग, जा, न, न, ओ, ता, री,
एकही जोडाक्षर नाही. स्वस्तात पडले असते.
छिन्नी हाताशीच होती. म्हटलं, घालू का?
पैसे नकोत, म्हटलं.

बराच वेळ ते तिरकी-सरळ करत राहिले.
मग म्हणाले, एकातही फोकस नाही.
हसले की खोकले, कळलं नाही.
झाका ते, म्हणाले, मांजर बघतंय मघापासून.
चहा घेतला. बिनसाखरेचा.